वंश, जात आणि एक लेखी खुलासा

दोन वर्षांपूर्वी आमच्या महाविद्यालयाच्या प्राचार्यांनी माझ्याकडून लेखी खुलासा मागवला. पदवीच्या दुसऱ्या वर्षाला मी १९०१ ची जनगणना शिकवीत होतो. बोलता बोलता म्हणालो, की तीन पिढ्यांमागे या भागातल्या ब्राह्मणांच्या आणि मराठ्यांच्या घरांत महाराच्या हातचे पाणी चालत नव्हते. आज पाणी चालते, सोयरीक चालत नाही. वाक्य एवढेच होते. दुसऱ्या दिवशी अर्ज गेला. सरांनी वर्गात विशिष्ट समाजांविषयी वंशद्वेषी विधान केले, असे त्यात लिहिले होते. खाली चार सह्या होत्या. त्यांतली एक आमच्या भीमनगरातल्या मुलाची होती. ती त्याने समजून केली की दोस्तीखातर केली, हे मी त्याला आजवर विचारलेले नाही.

माझे वडील बाजार समितीत हमाली करीत. घरात पहिली पदवी माझी, पहिली कायम नोकरीही माझीच. नोटीस हातात पडली तेव्हा आधी आठवला तो घराचा हप्ता. विचार नंतर सुरू झाला. मी सहा ओळींचा खुलासा दिला. विधान रूढीविषयी होते, रक्ताविषयी नव्हते. रूढीविषयीचे विधान पुराव्याने खोडता येते, आणि कोणी खोडले तर मी ते मागे घेईन, असे लिहिले. प्राचार्यांनी कागद फायलीला लावला. प्रकरण तेथे मिटले. माझ्या डोक्यातले मात्र मिटले नाही. त्या सहा ओळींत जे बसले नाही त्याला दीडशे वर्षांचा इतिहास आहे, आणि त्या इतिहासात आपण केवळ सोसणारे म्हणून नाही, बोलणारे म्हणूनही उभे आहोत.

प्रथम शब्दाकडेच पाहू. वंश हा आपल्या भाषेत घराण्याचा शब्द. सूर्यवंश, चंद्रवंश, वंशाचा दिवा, निर्वंश. गोऱ्या माणसाने काळ्या माणसाला ज्या कल्पनेच्या जोरावर गुलाम केले, त्या कल्पनेसाठी मराठीत घरचा शब्दच नव्हता. इंग्रजी पुस्तके वाचणाऱ्यांनी हा घराण्याचा शब्द तिच्या अंगावर चढवला. त्यामुळे वंशद्वेष म्हणताना बोलणाऱ्याच्या मनात नेमके काय असते हे पुष्कळदा कळत नाही. ‘आमच्या कुळाला नावे ठेवली’ एवढाच त्या अर्जाचा अर्थ असावा, असे आता मला वाटते. पण शब्द तर जगात माणसे जाळणाऱ्या विचाराचा वापरला होता. आणि गंमत अशी, की रक्ताचा विचार सांगणारी वाक्ये मराठीत हवी तेवढी आहेत. ‘शेवटी जातीवर गेला.’ ‘त्याच्या रक्तातच आहे ते.’ ‘खाण तशी माती.’ ही वाक्ये बोलणाऱ्यावर कोणी अर्ज करीत नाही.

आता रिस्लेकडे येतो, कारण वर्गात विषय त्याचाच चालू होता. हर्बर्ट रिस्ले हा सनदी नोकर. बंगालातील जाती-जमातींवरचा त्याचा मोठा ग्रंथ १८९१ साली प्रसिद्ध झाला. १९०१ च्या जनगणनेचा तो प्रमुख होता. ‘द पीपल ऑफ इंडिया’ हे पुस्तक १९०८ चे. हा मनुष्य नाके मोजीत असे. नाकाची रुंदी भागिले नाकाची लांबी, गुणिले शंभर. उत्तर सत्तरच्या खाली आले तर नाक निमुळते, सत्तर ते पंचाऐंशी मध्यम, त्यावर गेले तर बसके. हे कोष्टक मांडून त्याने निष्कर्ष काढला, की जातीची सामाजिक पायरी आणि नाकाची रुंदी यांचे प्रमाण व्यस्त आहे: नाक जेवढे रुंद तेवढी जात खाली. म्हणजे मनुस्मृतीने जे काम पूर्वजन्मीच्या कर्मावर सोपवले होते, ते रिस्लेने नाकावर सोपवले. पाप बदलले, शिक्षा तीच.

विद्यार्थी या ठिकाणी नेहमी हसतात आणि एकमेकांच्या नाकांकडे पाहतात. मी त्यांना हसू देतो. नंतर सांगतो, की रिस्लेने पश्चिम भारताकरिता जो ‘सिथो-द्रविड’ नावाचा गट केला, त्यात मराठी ब्राह्मण आणि कुणबी एकत्र टाकलेले आहेत. कोष्टक बनवणाऱ्याच्याच हिशेबात आपल्या मुलखातली वरची पायरी आणि मधली पायरी एका गटात आली. जातीचा जिना मात्र होता तेथेच होता. पुढे १९३३ साली प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी रिस्लेच्या बंगालमधल्या मोजमापांची संख्याशास्त्राच्या दृष्टीने तपासणी केली, तेव्हा त्या आकड्यांतच दुरुस्तीला पुष्कळ वाव असल्याचे दिसून आले.

हे पुस्तकातले खूळ पुस्तकात राहिले असते तर आपण त्याची दखल घेण्याचे कारण नव्हते. पण त्याच काळात सैन्यातही असेच विज्ञान चालू होते. लॉर्ड रॉबर्ट्स १८८५ ते १८९३ हिंदुस्थानचा सरसेनापती होता. काही जमाती जन्मतः लढवय्या आणि बाकीच्या जन्मतः भेकड, या समजुतीने त्या काळात भरतीची धोरणे ठरू लागली. १ जानेवारी १८१८ ला कोरेगावला ज्यांनी प्राण दिले आणि ज्यांची नावे त्या स्तंभावर कोरली आहेत, त्यांच्या नातवंडांना १८९२ पासून सैन्याचे दार बंद झाले. कोरेगावच्या लढाईत त्यांचे रक्त वेगळे होते काय? रक्त तेच होते. बदलला तो सरकारी समज. या एका समजापायी पेन्शन गेले, पलटणीतली शाळा गेली, छावणीतले घर गेले. दापोलीला गोपाळबाबा वलंगकरांनी १८९० साली जे मंडळ काढले त्याचे नाव ‘अनार्य दोष परिहारक मंडळी’. नाव नीट वाचावे. अनार्यत्वाचा दोष आपल्यावर आहे असे जगाने ठरवले, म्हणून त्या दोषाचा परिहार करायचा. विरोध करणाऱ्या पहिल्या माणसालाही विरोधासाठी शब्द वंशाच्याच कोठारातून उचलावा लागला. त्यात वलंगकरांचे न्यून नाही. त्या वेळी दुसरे कोठार उघडेच नव्हते. १९१० साली शिवराम जानबा कांबळे यांनी भारतमंत्र्यांकडे अर्ज धाडला. भरती पुन्हा सुरू झाली ती पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा. युद्ध संपल्यावर ती पलटण मोडली, आणि महार रेजिमेंट उभी राहिली ती १९४१ साली, पुन्हा युद्धात. तोफा वाजू लागल्या की आम्ही लढवय्ये ठरतो, थांबल्या की आमचे रक्त पुन्हा भेकड होते.

वंशद्वेष म्हणतात तो हा. त्याची खूण अशी, की माणसाने काय केले, काय सोडले, काय शिकला याचा त्याच्या निवाड्याशी संबंध राहत नाही. निवाडा जन्माआधी लिहिलेला असतो.

आता आपल्याकडचा अवघड प्रश्न, जो टाळून चालणार नाही. जोतीराव फुल्यांचे काय? १८७३ ची ‘गुलामगिरी’ त्यांनी अमेरिकेतल्या नीग्रोंची गुलामी संपवणाऱ्या लोकांना अर्पण केली. त्याच पुस्तकात ब्राह्मण इराणातून आले, त्यांनी येथल्या क्षेत्रस्थांना जिंकले, अशी मांडणी आहे. आमच्याच चर्चासत्रात एका वक्त्याने गेल्या वर्षी सांगितले, की फुले हे उलट्या बाजूचे वंशवादीच होते. श्रोत्यांत कुजबुज झाली. उत्तर कोणी दिले नाही. मीही गप्प बसलो, कारण उत्तर मला घरी परतताना सुचले.

उत्तर असे. आर्यांच्या आगमनाचा सिद्धांत त्या काळी युरोपातल्या पंडितांनी मांडलेला होता आणि येथले उच्चवर्णीय तो अभिमानाने मिरवीत होते, इंग्रजांचे दूरचे भाऊबंद म्हणून. फुल्यांनी तीच कथा उलटून त्यांच्यापुढे ठेवली. कथा म्हणून ती आज टिकत नाही, हे कबूल केले पाहिजे. पण माणूस रक्तावर विश्वास ठेवतो की नाही हे त्याच्या घरात पाहावे. १८६३ साली फुल्यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले ते फसवल्या गेलेल्या ब्राह्मण विधवांसाठी. १८७४ साली जोतीराव आणि सावित्रीबाईंनी एका ब्राह्मण विधवेचा मुलगा दत्तक घेतला, त्याचे नाव यशवंत ठेवले आणि तो त्यांचा वारस झाला. रक्तात दोष आहे असे मानणारा मनुष्य ते रक्त आपल्या कुशीत घेईल काय? फुल्यांची ब्राह्मणांविषयीची वाक्ये कठोर आहेत, सरसकट आहेत, कोठे कोठे अतिशयोक्त आहेत. ती भट-कुलकर्ण्यांच्या वागणुकीविषयी आहेत. यशवंताने ती वागणूक उचलली नाही, म्हणून ती वाक्ये यशवंताला लागत नाहीत.

बाबासाहेबांनी तर हा सिद्धांतच मुळापासून उखडला. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात त्यांनी जातींच्या उत्पत्तीवर निबंध वाचला तेव्हा ते पंचवीस वर्षांचे होते. माझ्या वर्गातल्या मुलांपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठे. युरोपियन अभ्यासक स्वतःच्या रंगद्वेषामुळे जातीतही रंगच शोधतात, हे त्यांनी तेव्हाच दाखवून दिले. जात टिकते ती जातीतल्या जातीत लग्ने लावल्याने. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या त्या बंदिस्तीच्या कड्या. याचा अर्थ नीट लक्षात घ्यावा. जात ही रूढी आहे. रूढी माणसे पाळतात म्हणून ती असते. पाळणे सोडले तर ती राहणार नाही.

१९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेल्या आणि न झालेल्या भाषणात ते पुढे गेले. पंजाबचा ब्राह्मण आणि पंजाबचा चांभार एकाच वंशाचे, मद्रासचा ब्राह्मण आणि मद्रासचा परैयार एकाच वंशाचे. मग जात वंशशुद्धी राखते हा दावा कोठे राहतो? आणि १९४८ च्या ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथात त्यांनी रिस्लेचे हत्यार रिस्लेवरच चालवले. गो. स. घुर्ये यांनी १९३२ साली ‘कास्ट अँड रेस इन इंडिया’ मध्ये मोजमापांची छाननी केली होती. त्यांना असे आढळले, की संयुक्त प्रांतातला ब्राह्मण शरीराच्या ठेवणीने आपल्या शेजारच्या जातींपेक्षा पंजाबातल्या चुहड्याला आणि खत्र्याला जवळचा आहे. बाबासाहेबांनी ती कोष्टके घेतली आणि म्हटले, की नाके मोजण्याला शास्त्र म्हणायचे असेल तर त्या शास्त्राने ब्राह्मण आणि अस्पृश्य एकाच वंशाचे ठरतात. ब्राह्मण आर्य असतील तर अस्पृश्यही आर्य, ब्राह्मण द्रविड असतील तर अस्पृश्यही द्रविड.

त्याच ठिकाणी आपल्या घरचा एक पुरावा ते देतात, आणि माझ्या मते कोष्टकांपेक्षा तो मोठा आहे. मराठ्यांची कुळे आणि महारांची कुळे एकच आहेत. हे कळायला ग्रंथ लागत नाही. आमच्या गावात जाधव तीन आळ्यांत आहेत. मोरे, पवार, साळवे, गायकवाड यांचेही तेच. शाळेत हजेरी घेताना गुरुजींना एकाच आडनावाची तीन मुले लागत, आणि कोणता जाधव कोठे बसायचा हे मात्र कोणाला विचारावे लागत नसे.

आजच्या जनुकशास्त्राचे या बाबतीत काय म्हणणे आहे हे विद्यार्थी विचारतात, म्हणून सांगतो. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनानुसार भारतात सुमारे ४२०० ते १९०० वर्षांपूर्वीच्या काळात निरनिराळ्या समूहांचे मिश्रण सर्वत्र होत होते. नंतर ते थांबत गेले. कल्याणीच्या संशोधकांनी २०१६ साली केलेल्या मांडणीत वरच्या जातींमध्ये हे मिश्रण सुमारे सत्तर पिढ्यांपूर्वी, म्हणजे गुप्तकाळाच्या आसपास, एकाएकी तुटल्याचे दिसते. बाबासाहेबांनी अस्पृश्यतेचा आरंभ इसवी सन ४०० च्या सुमाराचा मानला होता. दोन आकडे जवळ आले म्हणून नाचण्याचे कारण नाही. एक आकडा जातिबंद लग्नांचा आहे, दुसरा विटाळाचा. पण क्रम मात्र स्पष्ट आहे. आधी मिसळलेली माणसे, नंतर रूढीचे कुंपण, आणि कुंपणाच्या आत पिढ्यान्‌पिढ्या राहून आलेला थोडासा वेगळेपणा. रूढीने रक्ताला वळण लावले आहे. रक्ताने रूढी घडवलेली नाही.

मग रूढीविषयी बोलताना समाजाचे नाव घ्यायचे नाही काय? महाडला हा प्रश्न प्रत्यक्ष उभा राहिला होता. १९२७ च्या सत्याग्रहाला ब्राह्मणेतर पक्षाच्या जेधे-जवळकरांनी पाठिंबा देऊ केला, पण अट घातली की ब्राह्मणांना त्यात घेऊ नये. माणसांची गरज होती, पैशाची गरज होती. बाबासाहेबांनी अट नाकारली. आमचा विरोध ब्राह्मण माणसाला नाही, ब्राह्मण्याला आहे, आणि ब्राह्मण्याने ग्रासलेला ब्राह्मणेतर आम्हाला तितकाच दूरचा, अशी त्यांची भूमिका होती. २५ डिसेंबर १९२७ ला मनुस्मृती जाळण्याचा ठराव मांडला तो गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे यांनी. पुढे १९३८ च्या फेब्रुवारीत मनमाडला रेल्वे कामगारांपुढे त्यांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे दोन शत्रू सांगितले आणि लगेच खुलासा केला, की ब्राह्मणशाही म्हणजे ब्राह्मण जातीची सत्ता नव्हे. स्वातंत्र्य, समता, बंधुभाव नाकारणे म्हणजे ब्राह्मणशाही, आणि ती सर्व वर्गांत आहे. म्हणजे खुलासे द्यायची वेळ बाबासाहेबांवरही आली होती. तो वाचल्यावर माझी नोटीस मला जरा हलकी वाटली.

सरसकट विधान आणि वंशद्वेष यांत फरक करणारी रेघ ही येथे आहे. ज्या विधानातून सहस्रबुद्धे बाहेर पडू शकतात ते विधान रूढीविषयी आहे. ‘आज सोयरीक चालत नाही’ या माझ्या वाक्यातून कोणीही उद्या सकाळी बाहेर पडू शकतो. रजिस्ट्रारच्या कचेरीत जावे, तीस दिवसांची नोटीस द्यावी, तीन साक्षीदार आणावेत. वाक्य तेवढ्यापुरते खोटे ठरेल आणि मला आनंद होईल. महाराच्या पोराला मात्र १८९२ च्या हुकुमातून बाहेर पडायला कोणतीही कचेरी नव्हती.

ही रेघ पुसली की काय होते त्याचे उदाहरण परदेशातले आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये अमेरिकेतल्या सिएटल शहराने जातीवरून होणारा भेदभाव बेकायदा ठरवला. त्याच वर्षी कॅलिफोर्नियात आयेशा वहाब यांनी तसेच विधेयक मांडले. विरोध करणाऱ्यांत तेथे स्थायिक झालेले आपलेच लोक पुष्कळ होते. जातीचे नाव कायद्यात घेणे हाच हिंदूंविषयीचा, दक्षिण आशियाई लोकांविषयीचा द्वेष आहे, असे त्यांचे म्हणणे. रोग सांगणारा डॉक्टर रोग्याचा द्वेष्टा ठरला. विधेयक दोन्ही सभागृहांत मंजूर झाले, पण ऑक्टोबर २०२३ मध्ये गव्हर्नर न्यूसम यांनी सही नाकारली. जन्माच्या मूळावरून भेदभाव करण्यास आधीच्या कायद्याने बंदी आहे, म्हणून नवा कायदा नको, हे कारण दिले. आमच्या गावातल्या त्या अर्जाची भाषा आणि सातासमुद्रापलीकडच्या त्या निवेदनांची भाषा यांत मला काही अंतर दिसले नाही.

पण आपल्या बाजूचाही एक गोंधळ आहे, आणि तो दर्बानचा. ३१ ऑगस्ट ते ८ सप्टेंबर २००१ या काळात दक्षिण आफ्रिकेत वंशवादविरोधी जागतिक परिषद भरली. दलित संघटनांचे कार्यकर्ते मोठ्या संख्येने गेले. जात हा वंशवादाचाच प्रकार मानावा, असा आग्रह कित्येकांनी धरला. भारत सरकारने सांगितले, जात म्हणजे वंश नव्हे, हा आमचा अंतर्गत प्रश्न. समाजशास्त्रज्ञ आंद्रे बेतेय यांनी जातीला वंश म्हणणे शास्त्राला धरून नाही असे लिहिले. आता पाहा, केवढी विपरीत गोष्ट. जात वंश नव्हे, हे बाबासाहेबांनी १९१६ पासून सांगितले ते जात मोडता यावी म्हणून. तेच वाक्य २००१ साली जात जगाच्या चावडीवर येऊ नये म्हणून वापरले गेले. वाक्य खरे आणि हेतू खोटा, अशी ही दुर्मिळ सांगड आहे. आपल्या काही कार्यकर्त्यांचा हेतू खरा होता आणि वाक्य चुकले. बेतेय यांचे शास्त्र मला मान्य आहे. त्या शास्त्राआड दडलेले सरकार मान्य नाही.

खरे तर आपल्याला वंश शब्दाची गरजच नव्हती. १९६५ च्या आंतरराष्ट्रीय करारात वंश, रंग यांच्या शेजारी कूळ-जन्म या अर्थाचा एक वेगळा शब्द आहे, आणि तो घालण्याची सूचना भारताच्याच प्रतिनिधींची होती. त्या करारावर देखरेख करणाऱ्या समितीने २००२ साली स्पष्ट केले, की त्या शब्दात जात येते. आपण त्या शब्दावर पाय रोवून उभे राहिलो असतो तर नाके मोजणाऱ्या रिस्लेला पुन्हा मांडवात बोलावण्याची पाळी आली नसती.

येथवर लिहून थांबलो असतो तर माझा खुलासा माझ्या बाजूने पुरा झाला असता. पण संस्कृतीच्या नावाने बोललेले प्रत्येक वाक्य निर्दोष असते असे कोणी समजू नये. रूढीचे विधान रक्ताचे होताना आपल्या इतिहासाने एकदा उघड पाहिले आहे. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा आणताना जो युक्तिवाद झाला तो आरंभी रूढीचाच होता: हिंदुस्थानात जातीवार धंदे असतात, सुताराचा मुलगा सुतार, विणकराचा मुलगा विणकर. इतके ऐकून कोणीही मान डोलवील. पुढचे वाक्य असे, की म्हणून चोराचा मुलगा चोर. मधल्या ‘म्हणून’मध्ये जमातीच्या जमाती गेल्या. १९११ च्या कायद्याने हे सर्व ब्रिटिश हिंदुस्थानाला लागू झाले. हजेरी, पास, सोलापूरची तारेच्या कुंपणातली वसाहत. कायदा रद्द झाला तो ३१ ऑगस्ट १९५२ रोजी, आणि त्याची पिल्ले सराईत गुन्हेगारांच्या कायद्यांत वाढत राहिली. लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ १९८० साली आले, लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ १९८७ साली. तेव्हा कुठे आपल्या साहित्यिकांना त्या कुंपणाची खबर लागली. तुरुंगांच्या नियमपुस्तकांतून जातीवार कामाची वाटणी आणि विमुक्तांना सराईत समजण्याची कलमे सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवली ती ३ ऑक्टोबर २०२४ ला. स्वातंत्र्याला सत्त्याहत्तर वर्षे झाल्यावर.

म्हणून समाजाचे नाव घेऊन बोलणाऱ्या कोणत्याही वाक्याच्या मागे ते ‘म्हणून’ दबा धरून बसले आहे की काय, हे पाहावे लागते. आणि ते पाहण्याचे काम दुसऱ्याच्या वाक्यांपासून सुरू करणे फार सोपे असते.

माझ्या बहिणीचा मुलगा नर्सिंगला होता. बरोबरच्या एका मातंग मुलीशी त्याचे जमले. दोघेही आता नोकरीला आहेत. बहिणीने विषय काढला तेव्हा आई भाकरी थापीत होती. आईचे शिक्षण नाही, पण दर १४ ऑक्टोबरला पांढरे लुगडे नेसून ती विहारात जाते, आणि बावीस प्रतिज्ञा तिला माझ्यापेक्षा चांगल्या पाठ आहेत. ती म्हणाली, “पोरगी चांगलीय बाबा, न्हाई कोन म्हनतंय. पन त्येंचं त्येंचंच ऱ्हातंय. एक ना एक दिस जातीवर जातातच.”

मी म्हणालो, “आई, हेच आपल्याला म्हणायचे ना सगळे?”

“आपल्याला म्हनायचे ते उगंच म्हनायचे,” ती म्हणाली. “ह्येंचं मी बगितलंय.”

काय बघितलंय ते तिने सांगितले. चाळीस वर्षांपूर्वी वस्तीच्या नळावर एका बाईने हंडा हिसकला होता, तिचे नाव, तिच्या नवऱ्याचे नाव, सगळे सांगितले. हंडा खरा होता. त्यावरून निघालेले वाक्य मात्र रिस्लेचे होते. गेली दोन वर्षे, १ ऑगस्ट २०२४ च्या उपवर्गीकरणाच्या निकालापासून, आमच्या वस्तीत आणि शेजारच्या मातंगवाड्यात अशी वाक्ये वाढली आहेत. तिकडचीही आमच्याविषयीची वाक्ये आहेत: हे सगळे खाऊन बसले, हे आम्हाला कधी पुढे येऊ देणार नाहीत. नोकऱ्या आणि जागा कोणी किती घेतल्या हा हिशेबाचा प्रश्न आहे, आकड्यांनी मांडावा, मांडलाच पाहिजे. ‘त्यांचे तसेच असते’ हा हिशेब नव्हे. आमच्यातले काही शिकलेले लोक तर हे वाक्य जास्त सफाईने बोलतात; त्यांना संस्कृती, मानसिकता, वृत्ती हे शब्द येतात. आईजवळ ते शब्द नाहीत, म्हणून तिचे वाक्य निदान उघडे तरी असते.

मी आईपुढे कुळांचा पुरावा मांडून पाहिला. मुलीचे आडनाव गायकवाड. आमच्या मामांचेही गायकवाड. आई हसली आणि म्हणाली, “आडनाव घिऊन काय भाकर थापता येती व्हय?”

त्या रात्री मी फायलीतल्या खुलाशाची माझ्याजवळची प्रत काढून वाचली. रूढीविषयीचे विधान पुराव्याने खोडता येते, असे मी त्यात लिहिले होते. वर्गातल्या माझ्या वाक्यात मी ब्राह्मणांची आणि मराठ्यांची घरे घेतली होती. आमची घेतली नव्हती. अर्जावर सही करणारा भीमनगरातला तो मुलगा, आता आठवते, तोही मुलीकडच्यांच्या नात्यातला होता; त्याची आई मातंगवाड्यातली, पळून येऊन लग्न केलेली. त्याला माझे वाक्य ऐकताना कोणते घर आठवले असेल?

यंदा जनगणनेचा तास आला तेव्हा मी वाक्य बदलले. पाणी चालते, सोयरीक चालत नाही, एवढे म्हटले आणि पुढे घरांची यादी सांगताना आमचे घर पहिले घेतले. वर्गात कोणी काही बोलले नाही. अर्जही गेला नाही. भाच्याचे लग्न दिवाळीनंतर करायचे असे बहिणीचे म्हणणे आहे. आईने अजून होकार दिलेला नाही. मुलीला एकदा घरी बोलवा, एवढे मात्र परवा म्हणाली.